अझीझ संजार, डीएनएची दुरुस्ती आणि एकाच प्रश्नामागे घालवलेलं आयुष्य

निळी_शाई

मंडळी, धागा एका शास्त्रज्ञाच्या कामाबद्दल आहे आणि शेवटी एक प्रश्न आहे. लांबलचक झालाय, पण वाचा.

२०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल डीएनए दुरुस्तीवरच्या कामासाठी तिघांना मिळालं: टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार. मी गेले काही महिने संजारांचं काम मुळापासून वाचतेय. जन्म १९४६, तुर्कस्तानच्या आग्नेय भागातल्या मार्दिन प्रांतातलं सावूर गाव. आठ भावंडांत सातवे. आईवडिलांना लिहितावाचता येत नव्हतं, पण मुलांनी शिकायचंच यावर दोघंही ठाम. १९६९ साली इस्तंबूल विद्यापीठातून डॉक्टर झाले, गावाकडे दोनेक वर्षं रुग्ण तपासले आणि मग चालती वैद्यकी सोडून जीवरसायनशास्त्रात शिरले.

त्यांना ओढ होती एका जुन्या निरीक्षणाची. अतिनील किरणांनी मरायला टेकलेले जिवाणू निळ्या प्रकाशात ठेवले की पुन्हा वाढायला लागतात, हे १९४९ पासून माहीत होतं. ही किमया फोटोलाएज नावाच्या विकराची, हे क्लॉड रुपर्ट आणि सहकाऱ्यांनी पुढे दाखवलं. संजार अमेरिकेत डॅलसला रुपर्ट यांच्याचकडे गेले, १९७६ मध्ये या विकराचं जनुक क्लोन केलं आणि १९७७ मध्ये पीएचडी झाले.

पुढचा भाग मला झोपू देत नाही. पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी) तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार. फोटोलाएज बाजूला ठेवावा लागला. शेवटी येल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत रप (पहिलं नाव डीन, हुद्दा नव्हे) यांच्या लॅबमध्ये ते टेक्निशियन म्हणून रुजू झाले. पीएचडी आणि वैद्यकीय पदवी दोन्ही हातात असताना! पण ती लॅब दुरुस्तीवरच काम करणारी होती, फक्त दुसऱ्या यंत्रणेवर, जिला निळा प्रकाश लागत नाही. ज्या कामासाठी नोबेल मिळालं त्याचा पाया तिथे घातला गेला.

माझं मत: हुद्दा गेला तरी चालेल, प्रश्न जाता कामा नये, असा हा निर्णय होता आणि तो बरोबर होता. तुम्हाला काय वाटतं? आज एखाद्याने एकाच प्रश्नामागे असं जावं का?

रात्रपाळी

सुंदर लिहिलंयस. नोबेलचा फोन अमेरिकेत पहाटे पाचच्या सुमाराला आला, तो त्यांच्या पत्नीने उचलला आणि त्यांना झोपेतून उठवलं. त्या वेळी फोन करून कुणाला राग येणार नाही असं जगात एकच ऑफिस असेल.

पेशीद्रव्य

वा, माझ्या आवडीचा विषय! येलमध्ये नेमकं काय झालं ते सांगतो, कारण त्याशिवाय या निर्णयाचं वजन कळत नाही.

अतिनील किरणांमुळे डीएनएच्या एकाच धाग्यावर शेजारी बसलेले दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. ही गाठ कापून काढायला ई. कोलाय जिवाणूला तीन जनुकं लागतात हे माहीत होतं: यूव्हीआर-ए, बी आणि सी. यातलं एक जरी बिघडलं तर जिवाणू अतिनील किरणांत पटापट मरतो. पण या जनुकांपासून बनणारी प्रथिनं कोणती, ती काय करतात, हे कुणी दाखवू शकत नव्हतं. पेशीत ती इतकी थोडी असतात की बाकीच्या हजारो प्रथिनांत हरवून जातात.

संजारांनी काढलेली युक्ती म्हणजे मॅक्सिसेल, १९७९. दुरुस्ती करूच न शकणारा जिवाणू घ्यायचा. हवं ते जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर, बसवून त्याच्यात घालायचं. मग अतिनील किरणांचा मारा करायचा. जिवाणूचं मुख्य गुणसूत्र लांबलचक, त्यावर भरपूर घाव बसतात आणि ते कुजून जातं. प्लाझ्मिड इवलासा, त्याच्या बऱ्याच प्रती सहीसलामत सुटतात. आता त्या पेशीत नवी प्रथिनं बनतात ती फक्त प्लाझ्मिडवरच्या जनुकांची. किरणोत्सर्गी अमिनो आम्ल घातलं की तेवढीच उजळून दिसतात. ज्या किरणांच्या इजेचा अभ्यास चाललाय त्याच किरणांना हत्यार करायचं!

आणि यासाठी वापरलेला जिवाणूचा वाण डॅलसच्या लॅबमधला, नाव सीएसआर ६०३. सीएसआर म्हणजे क्लॉड स्टॅन्ली रुपर्ट यांची आद्याक्षरं. म्हणजे हुद्दा टेक्निशियनचा असला तरी शिदोरी पीएचडीची होती.

पेशीद्रव्य

पुढचं राहिलं. तिन्ही प्रथिनं शुद्ध करून एकत्र ठेवली तेव्हा सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं चित्र दिसलं. तोवर समज अशी की विकर गाठीजवळ एक काप घेतो आणि मग दुसरा कुणीतरी तिथून पुढे कुरतडत जातो. संजार आणि रप यांच्या १९८३ च्या निबंधात काप दोन निघाले, गाठीच्या दोन्ही अंगांना. मधला १२-१३ न्यूक्लिओटाइडांचा (म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा एकसंध सुटून येतो. मग समोरच्या शाबूत धाग्याकडे बघून ती जागा नव्याने भरली जाते आणि सांधली जाते. रफू करणारा जसा जळका भाग आधी चौकोनात कापून घेतो, तसंच.

साधा_वाचक

विज्ञान दहावीपर्यंतच, तेव्हा प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या. डीएनए इतका बिघडतो का, की त्याला दुरुस्तीची एवढी मोठी व्यवस्था लागावी? मला वाटायचं तो भक्कम असतो, म्हणून तर हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांत सापडतो.

जास्वंदी

@साधा_वाचक, बाळबोध अजिबात नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक शास्त्रज्ञही डीएनए भक्कम आहे असंच धरून चालत होते. टोमास लिंडाल यांनी आधी आरएनए तापवल्यावर किती लवकर मोडतं ते पाहिलं होतं, तेव्हा त्यांच्या मनात आलं, मग डीएनए एवढा टिकाऊ कसा? मोजल्यावर कळलं की टिकाऊ नाहीच. कोणतेही किरण नकोत, विष नको, नुसत्या पाण्यात आणि शरीराच्या उष्णतेत माणसाच्या प्रत्येक पेशीतून दिवसाला सुमारे १०,००० प्युरीन बेस (डीएनएची ए आणि जी ही अक्षरं) गळून पडतात. सायटोसिन या अक्षराचं आपोआप युरॅसिल (डीएनएत नसायला हवं असं अक्षर) होतं ते वेगळंच. असं असेल तर दुरुस्ती करणारे विकर असलेच पाहिजेत, या तर्काने शोधत जाऊन १९७४ मध्ये त्यांनी युरॅसिल उपटून काढणारा विकर शोधला. मला हे फार मोठं वाटतं. आधी नुकसान मोजलं आणि मग त्यावरून दुरुस्ती करणारा असणारच असं ठरवलं.

जुन्या हाडांतला डीएनए तुकड्यातुकड्यांत मिळतो, आणि त्यातले पुष्कळ सायटोसिन असेच बदललेले असतात. मेलेल्या पेशीत दुरुस्ती करायला कुणी नसतं ना.

साधा_वाचक

दिवसाला दहा हजार, आणि तेही एका पेशीत! आभार. आता मी नीट बसून सगळा धागा पुन्हा वाचतो.

उलटतपासणी

धागा चांगला आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

एक, आपण नोबेल मिळालेल्या माणसापासून मागे मोजत चाललोय. त्याच वर्षी नकार मिळालेले, टेक्निशियन झालेले आणि तिथेच राहिलेले किती असतील? त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. चिकाटी दोघांकडे सारखी असू शकते.

दोन, संजार एकाच प्रश्नामागे राहिले हेही अर्धंच खरं. आधी फोटोलाएज, मग यूव्हीआर, १९८२ मध्ये चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात स्वतःची लॅब मिळाल्यावर परत फोटोलाएज, मग माणसाच्या पेशी, मग जैविक घड्याळ. फोटोलाएज हातातून सुटला तेव्हा त्यांनी दुसरा विषय घेतलाच. कायम राहिली ती हाताची विद्या: प्रथिन शुद्ध करायचं आणि परीक्षानळीत त्याच्याकडून काम करवून दाखवायचं. तरुण माणसाला सल्ला द्यायचा तर मी म्हणेन, प्रश्नाला चिकटू नकोस, कसबाला चिकट.

पेशीद्रव्य

@उलटतपासणी, पहिल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. दुसऱ्याला नाही. जैविक घड्याळाकडे ते स्वतःहून गेले नाहीत, फोटोलाएजनेच नेलं. आपल्यासारख्या वारेच्या सस्तन प्राण्यांत फोटोलाएज नसतो. पण माणसाच्या जनुकांत त्याच्याशी जवळचं साम्य असलेली दोन सापडली. संजारांच्या लॅबने तपासलं तर ती दुरुस्ती करत नाहीत. मग करतात काय? १९९८ च्या सुमाराला त्यांनी मांडलं की ही क्रिप्टोक्रोम आहेत आणि त्यांचा संबंध दिवस-रात्रीच्या लयीशी आहे. आज ती घड्याळाचे मुख्य भाग म्हणून ओळखली जातात.

आणि तिथून परत दुरुस्तीवरच आले. उंदरांच्या पेशीत घाव कापून काढण्याची क्षमता दिवसभरात कमीजास्त होते, कारण दुरुस्तीला लागणारं एक्सपीए नावाचं प्रथिन घड्याळाच्या तालावर वरखाली होतं. २०११ मध्ये त्यांच्या लॅबने दाखवलं की पहाटे चारला अतिनील किरण दिलेल्या उंदरांना त्वचेचा कर्करोग दुपारी चारच्या उंदरांपेक्षा बराच जास्त होतो. ही वाट एकाच धाग्याला धरून गेलेली आहे.

रात्रपाळी

म्हणजे रात्रपाळी करणाऱ्यांनी पहाटे चारला कोवळं ऊन खाऊ नये!

पेशीद्रव्य

@रात्रपाळी, पहाटे चारला ऊन सापडलं तर त्यावर वेगळा निबंध होईल :) उंदीर निशाचर, त्यामुळे माणसात वेळ उलटी असावी असा अंदाज त्यांनी मांडला होता.

जास्वंदी

@उलटतपासणी यांच्या पहिल्या मुद्द्यावरून मला एव्हलिन विटकिन आठवल्या. नोबेल न मिळालेल्या, पण या क्षेत्राचा अर्धा पाया ज्यांनी घातला त्या. त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

जन्म १९२१, न्यूयॉर्क. पदवीला असताना कृष्णवर्णीय खेळाडूंना सामन्यांतून वगळण्याच्या विद्यापीठाच्या प्रथेविरुद्ध आंदोलन केलं म्हणून तीन महिने निलंबित झाल्या. त्यामुळे पुढे कोलंबियाला गेल्या आणि आनुवंशिकीतज्ज्ञ डोब्झान्स्की यांच्या विद्यार्थिनी झाल्या. १९४४ च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत जिवाणूंवर पहिलाच प्रयोग केला. अतिनील किरणांची मात्रा इतकी पडली की जवळजवळ सगळे मेले, बशीत चार वसाहती उरल्या. दुसऱ्या कुणी ती बशी फेकून कमी मात्रेने पुन्हा सुरुवात केली असती. त्यांनी विचारलं, हे चारच का जगले? त्यातून किरणांना दाद न देणारा वाण मिळाला आणि किरणांना तोंड देण्याची ताकद आनुवंशिक असते हे कळलं.

पुढे त्यांनी आणि मिरोस्लाव्ह रादमान यांनी एसओएस प्रतिसादाची कल्पना उभी केली. डीएनएला मोठी इजा झाली की जिवाणू एकदम कितीतरी जनुकं जागी करतो, आणि जगण्यासाठी चुका पत्करूनही प्रत काढतो. २०१५ मध्ये, म्हणजे संजारांना नोबेल मिळालं त्याच वर्षी, विटकिन यांना स्टीफन एलेज यांच्यासोबत लास्कर पुरस्कार मिळाला. तेव्हा वय ९४. २०२३ मध्ये १०२ व्या वर्षी त्या गेल्या.

संजारांशी थेट संबंधही आहे. १९५६ मध्ये विटकिन यांनी पाहिलं होतं की किरण दिल्यावर जिवाणूला थोडा वेळ प्रथिनं बनवू दिली नाहीत तर ठरावीक प्रकारची म्युटेशनं झपाट्याने कमी होतात. कारण कुणालाच लागेना. पुढे ही घट न होणारा जिवाणू सापडला. १९९१ मध्ये सेल्बी, विटकिन आणि संजार यांचा एकत्र निबंध आला: या जिवाणूत नसतं ते एक प्रथिन. वाचन चालू असलेल्या जनुकावर घाव असला की वाचणारं यंत्र तिथे अडकून पडतं. हे प्रथिन त्याला बाजूला काढतं आणि दुरुस्ती करणाऱ्यांना बोलावतं, म्हणून वापरातल्या जनुकांची दुरुस्ती आधी होते. निरीक्षण आणि उत्तर यांत ३५ वर्षांचं अंतर, आणि निरीक्षण करणारी बाई उत्तराच्या निबंधावर लेखिका म्हणून हजर! यापेक्षा मोठं बक्षीस मला सुचत नाही.

निळी_शाई

@जास्वंदी, अंगावर काटा आला. विटकिन यांचं नाव माहीत होतं, १९९१ चा निबंध माहीत नव्हता. आजच वाचते.

काठावरचा

वापरातल्या जनुकांची दुरुस्ती आधी होते हे दाखवण्यात फिलिप हॅनवॉल्ट यांचा वाटा पहिला आहे, तो विसरू नका. १९८५ मध्ये बोर आणि हॅनवॉल्ट यांनी सस्तन प्राण्याच्या पेशींत ते दाखवलं. १९६३ मध्ये दुरुस्तीच्या वेळी बनणारा नवा डीएनए पहिल्यांदा दिसला तोही पेटिजॉन आणि हॅनवॉल्ट यांनाच. त्यांचं नाव नोबेलच्या यादीत नाही याची मला आजही खंत आहे. तीनच माणसांचा नियम अशा क्षेत्रात अन्याय करतो.

उलटतपासणी

@काठावरचा, सहमत. आणि १९६८ मध्ये झीरोडर्मा पिगमेंटोझम (उन्हाने त्वचेचा कर्करोग सहज होणारा आनुवंशिक आजार) असलेल्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी दुरुस्ती करू शकत नाहीत हे दाखवणारे जेम्स क्लीव्हर? तोवर दुरुस्ती ही जिवाणूंची गोष्ट होती. क्लीव्हर यांच्यामुळे ती कर्करोगाची गोष्ट झाली.

परिचारिका

कर्करोग विभागात काम करते. झीरोडर्मा असलेलं एक मूल आमच्याकडे येत असे. घरातल्या खिडक्यांना जाड पडदे, बाहेर पडणं अंधार झाल्यावर. वर वाचलेल्या १२-१३ न्यूक्लिओटाइडांच्या तुकड्याचा माणसातला भाऊबंद त्या मुलाच्या पेशीतून कापला जात नव्हता, एवढाच काय तो फरक. आई त्याला क्रीम लावायची तेव्हा कानामागची जागासुद्धा सोडत नसे.

सिसप्लॅटिन हे कर्करोगाचं औषध रोज देतो. ते औषधही डीएनएवरच गाठी मारतं, आणि संजारांची हीच यंत्रणा त्या गाठी कापून काढते, हे मला आमच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. कर्करोगाच्या पेशी दुरुस्तीत तरबेज असल्या तर औषध कमी पडतं. बाकीच्या चर्चेतलं मला फार कळत नाही, पण हे काम कुणीतरी इतकी वर्षं करत राहिलं हे बरं झालं.

पेशीद्रव्य

@परिचारिका, तुमच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. माणसात तो तुकडा साधारण २७ ते २९ न्यूक्लिओटाइडांचा निघतो, हे संजारांच्या लॅबने १९९२ मध्ये दाखवलं. पुढे हे सुटलेले तुकडे गोळा करून वाचण्याची पद्धत त्यांनी काढली, त्यामुळे संपूर्ण जनुकसंचात कुठे दुरुस्ती चाललीय याचा नकाशा मिळतो. सिसप्लॅटिनच्या गाठींचा नकाशाही त्याच पद्धतीने काढलाय.

शाईचा_डाग

ग्वेंडोलिन संजार यांचा उल्लेख कुणीच केला नाही. त्या स्वतः जीवरसायनशास्त्रज्ञ, दोघांची ओळख डॅलसची. चॅपल हिलला फोटोलाएजच्या जनुकाचा पूर्ण क्रम त्यांनी लावला. शुद्ध केलेला तो विकर गडद निळा दिसतो. प्रकाश पकडणारे दोन रेणू त्यात असतात, एक फ्लेविन आणि एक फोलेटच्या जातीचा, आणि हा रंग फ्लेविनचा. ज्या विकराला तीन ठिकाणी दार बंद झालं होतं तो अखेर त्यांच्या स्वतःच्या लॅबमध्ये नळीत निळा चमकत उभा राहिला.

काठावरचा

अवांतर: तरुणपणी ते फुटबॉलचे गोलरक्षक होते आणि तुर्कस्तानच्या युवा संघाच्या निवडीसाठी त्यांना बोलावणं आलं होतं. उंची पुरेशी नाही म्हणून त्यांनीच तो नाद सोडला. नोबेलचं पदक २०१६ च्या मे महिन्यात त्यांनी अंकाराला अतातुर्कांच्या समाधिस्थळी देऊन टाकलं.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. आता खरं कारण सांगते, इतकं सगळं तुम्ही लिहिल्यावर लपवणं बरं नाही.

माझी पीएचडी संपत आलीय, विषय डीएनए दुरुस्तीचाच. पोस्टडॉकसाठीचे अर्ज परत आलेत. सध्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, दुसऱ्याच विषयातलं चांगलं पोस्टडॉक, चालू फॅशनचं, पैसेही बरे. दुसरी, दुरुस्तीवर काम करणाऱ्या लॅबमध्ये टेक्निकल स्टाफची जागा. घरचे म्हणतात, डॉक्टरेट घेऊन टेक्निशियन का व्हायचं? मला दुसरीकडे जावंसं वाटतंय.

उलटतपासणी

मला वाटलंच होतं. माझं मत थोडं बदलतो, पूर्ण नाही. जागा घेण्याआधी संजारांना येलमध्ये काय मिळालं ते बघ. मॅक्सिसेलच्या निबंधावर पहिलं नाव त्यांचं आहे. म्हणजे रप यांनी त्यांना स्वतःचा प्रयोग करू दिला आणि श्रेयही दिलं. हुद्द्यापेक्षा त्या लॅबचा प्रमुख कसा आहे हे महत्त्वाचं. रप नसते तर तीच जागा भिंत ठरली असती.

जास्वंदी

याला माझं शंभर टक्के अनुमोदन. मी एका लॅबमध्ये स्टाफ म्हणून होते. काम माझं, आकृत्या माझ्या, आणि निबंधात माझं नाव फक्त आभारात. दुसऱ्या लॅबमध्ये तोच हुद्दा आणि पहिल्या लेखकाची जागा. पगारपत्रकावर फरक शून्य. तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस. तिथे आधी काम केलेल्या स्टाफची नावं त्या लॅबच्या निबंधांवर कुठे आहेत ते शोध, तासाभरात कळेल.

परिचारिका

घरच्यांना हा धागा वाचायला दे.

पेशीद्रव्य

आणि तू सोबत काय नेतेस तेही ठरव. संजारांनी डॅलसचा वाण आणि क्लोनिंगचा हात नेला होता, त्या लॅबला त्याची गरज होती. तुझ्याकडे काय आहे जे त्यांच्याकडे नाही?

निळी_शाई

@जास्वंदी, शोधलं. गेल्या काही वर्षांतल्या दोन निबंधांवर स्टाफमधल्या व्यक्तीचं नाव पहिलं आहे. त्यातल्या एकीला आत्ताच मेल पाठवली.

@पेशीद्रव्य, माझ्याकडे एक प्रथिन शुद्ध करण्याची पद्धत आहे, जी त्यांना त्यांच्याच निबंधानुसार जमत नाहीये. सोमवारी लॅबच्या प्रमुखांशी बोलणं आहे, तिथूनच सुरुवात करते. स्वतःचा प्रयोग करता येईल का, हे स्पष्ट विचारणार.

रात्रपाळी

सोमवारी काय झालं ते इथे लिही. पहाटे पाचला लिहिलंस तरी चालेल, मी जागाच असतो.